उजव्या कोपऱ्यापासून नऊ मिलिमीटर

जपानी रंध्याचं पातं दर वेळी एकाच जागी बोथट होई : उजव्या कोपऱ्यापासून नऊ मिलिमीटरवर. उरलेली धार शाबूत राही.

रंधा बाबांचा. इतर रंधे पुढे ढकलतात, हा स्वतःकडे ओढायचा. अकरा वर्षांपूर्वी त्याने एका मेजाच्या फळीवर लांबलचक रेघ उठवली आणि थोरल्या काकांनी घरच्या लाकूडकामाच्या कारखान्यात सगळ्या कारागिरांदेखत बाबांना सांगितलं, "तुझा हात गेला. उद्यापासून येऊ नकोस." त्यानंतर बाबांनी लाकडाला हात लावला नाही.

मी धातुशास्त्र शिकले. काकांचं निदान मला मान्य नव्हतं. त्यांनी हात मोजून पाहिला नव्हता. यंदा मी रंधा फडक्यातून बाहेर काढला, गंज उतरवला, ठोकळ्याचा तळ सपाट केला, पात्याला ओल्या दगडावर धार लावली आणि फळीवरून ओढला. चौथ्या सालपटानंतर तीच रेघ उठली. हात माझा होता.

प्रयोगशाळेत पात्याचं काठिण्य मोजलं. रॉकवेल मापावर सगळीकडे चौसष्ट, त्या जागी त्रेपन्न. तिथलं पोलादाचं पाणी, म्हणजे तापवून दिलेला कठीणपणा, उतरलं होतं, आणि ते फक्त उष्णतेने उतरतं. बाबा ओल्या दगडाशिवाय धार लावत नसत. पोलाद तापवणारा कोरडा ग्राइंडर काका वापरत. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. मी तसंच दुसरं जुनं पातं मिळवलं, मुद्दाम बोथट केलं आणि बाबांना घेऊन कारखान्यात गेले.

"काका, एवढी धार लावून देता? मला काही जमेना."

एवढं शिकून शेवटी आमच्याच दारात आलीस, असं ते खुशीत म्हणाले. कारागीर हसले. मीही हसले, इतकी गोड मी क्वचितच वागते.

काकांनी पातं थेट ग्राइंडरवर टेकवलं. मनगट उजवीकडे कललं. ठिणग्या उडाल्या, आणि पातं उचललं तेव्हा कडेला निळा डाग होता, पोलाद जास्त तापल्याची खूण. मी उजव्या कोपऱ्यापासून पट्टी लावली : साडेआठ. अर्ध्या मिलिमीटरचा फरक मी मोजमापातली चूक धरते. शेजारी बाबांचं पातं आणि काठिण्याचा तक्ता ठेवला आणि कारागिरांना जवळ बोलावलं.

काकांनी तक्ता वाचला. "त्या दिवशी घाई होती," ते म्हणाले. "त्याचं पातं दोन मिनिटं ग्राइंडरला टेकवलं. डाग घासून परत ठेवलं."

"दादा, सांगितलं नाहीस," बाबा म्हणाले.

मी अकरा वर्षं घोटलेली वाक्यं तशीच राहिली. त्यांची गरज उरली नव्हती.

कारण असं : थोरल्या भावाने न विचारता पातं कोरड्या ग्राइंडरवर धरलं, उजवी कड तापून पोलाद मऊ पडलं, तिथली धार आधी गेली आणि फळीवर रेघ उठली. बाबांचा हात शाबूत होता.