उशीची उंची

सिल्केचं पत्र मार्चमध्ये आलं होतं, आणि जून सरत आला तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. सिल्के माझी मुलगी. आम्ही दोघंही बर्लिनमध्येच राहतो, पण काही महत्त्वाचं असलं की ती मला पत्र लिहिते. फोनवर मी नुसतं 'हो, हो' म्हणतो आणि त्यातून काही निष्पन्न होत नाही, हे तिला लहानपणापासून माहीत आहे.

ऑगस्टपासून रुग्णालयात तिला आठवड्यातून दोन रात्रपाळ्या लागणार होत्या. त्या दोन रात्री तिच्या मुलीला, टिल्डाला, मी सांभाळीन का, नाहीतर ही नोकरी सोडावी लागेल, एवढंच पत्रात होतं. खाली लिहिलं होतं, 'तुझ्या मागच्या खोलीत शिडीचा पलंग बसेल, छत उंच आहे. जमणार नसेल तर तसं स्पष्ट कळव. मी रागावणार नाही.'

मागच्या खोलीत माझी पुस्तकं आहेत. खाली पलंग टाकायला जागा नाही, म्हणजे कपाट खाली ठेवून पोरीला उंच पलंगावर, वरच झोपवायला हवं. नाही म्हणायचं माझ्या मनात नव्हतं, पण हो म्हणायचा धीरही होत नव्हता. सगळी नोकरी मी ग्रंथालयाच्या तळघरात सूची करण्यात घालवली. लहान मूल रात्री आपल्या भरवशावर असणार, हे मला झेपेल असं वाटेना. ती पडली तर? आईच्या आठवणीने रडायला लागली तर मी बोलणार काय?

मग मला एक नियम सापडला. सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवू नये, असं प्रत्येक माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. टिल्डा पाचाचीच होती. मी सिल्केला फोन केला.

"सहाची होऊ दे. मग बघू."

"मग पलंग तरी आणून ठेव."

"वाढदिवसाच्या आधीच? आपल्या जर्मन लोकांत आधी नुसत्या शुभेच्छा दिल्या तरी अपशकुन मानतात."

"बाबा, तू अपशकुन कधीपासून मानायला लागलास?"

जूनच्या शेवटच्या शनिवारी टिल्डाने केकवरच्या मेणबत्त्या विझवल्या आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आजोबाला इथे ओपा म्हणतात.

"ओपा, आता मी सहाची आहे. आता मला वर झोपायची परवानगी आहे."

सिल्के केक कापत होती. मान वर न करता म्हणाली, "विचार ओपाला. त्याच्याकडे अजून एखादा नियम शिल्लक असेल."

मी खरंच आठवून पाहिलं. शिल्लक नव्हता.

"मला शुक्रवारपर्यंत रुग्णालयात सांगायचंय," ती हळूच म्हणाली. तिचे डोळे थकलेले दिसले.

सोमवारी दुपारी मी टिल्डाला दुकानात घेऊन गेलो. पलंगांच्या मजल्यावर चष्मा केसांत खोचलेल्या एक बाई होत्या. "बूट काढ आणि चढ, राणी. झोपून बघितल्याशिवाय इथे कोणी पलंग घेत नाही."

टिल्डाने सगळ्यात उंच पलंग निवडला आणि सरसर वर गेली. मी कठडा हलवून पाहिला, फळ्यांमधल्या फटी तपासल्या, लेबल दोनदा वाचलं.

"कठडा पक्का आहे हो," बाई म्हणाल्या. "पण पोरीला ताप आला तर वर कोण जाणार?"

"मी."

"मग जा बघू."

शिडी सरळसोट होती. दुसऱ्याच पायरीवर गुडघ्याने नकार दिला. मी मोज्यांत, एक पाय अधांतरी, तसाच लटकलो.

"उतरा, उतरा," बाई ओरडल्या. "आजोबांना उचलणारी माणसं आमच्याकडे सोमवारी नसतात."

खाली आलो तेव्हा, सांगायला लाज वाटते, मला हायसं वाटलं. आता खरं कारण हाती आलं होतं. सिल्केला तसं लिहिता येणार होतं. "टिल्डा," मी म्हणालो, "मला वर येताच येत नाही. हे काही आपल्याला जमायचं नाही."

कठड्यावरून तिने डोकं बाहेर काढलं. "मग तू गोष्ट कुठे उभा राहून वाचणार?"

"कुठली गोष्ट?"

"झोपतानाची. तू तिथे खाली वाचलीस तर मला चित्रं कशी दिसणार?"

ती माझ्याकडे येणार हे तिच्या लेखी केव्हाच ठरलेलं होतं. मी कुठे उभा राहायचं, एवढंच बाकी होतं. ती खाली उतरली आणि मला एकेका पलंगाशी उभं करू लागली. स्वतः वर जाऊन गाल उशीवर टेकायची.

"नाही. इथून तुझं टक्कल दिसतं."

पुढचा पलंग.

"इथे नुसतं पोट."

कोपऱ्यात साध्या पाइनचा, अर्ध्याच उंचीचा एक पलंग होता. त्याला शिडीऐवजी रुंद पायऱ्या होत्या. मी शेजारी उभा राहिलो तर तिची उशी नेमकी माझ्या हनुवटीशी आली.

"इथे. वाच."

"पुस्तक नाही ना आणलं."

"मग ते वाच."

मी पलंगाचं लेबल वाचू लागलो. स्क्रू दर महिन्याला आवळावेत. पलंगावर उड्या मारू नयेत. टिल्डाने डोळे मिटले.

"हळू. तू फार भराभर वाचतोस."

मी पहिल्यापासून सुरुवात केली. बाई चष्मा हातात घेऊन ऐकत उभ्या होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "हाच देऊ ना?"

"हाच," मी म्हणालो.

हा पलंग ठेंगणा. त्याच्याखाली माझं मोठं कपाट मावणार नव्हतं. मी संध्याकाळभर ते रिकामं केलं. ठेवायची पुस्तकं स्वयंपाकघरात रचली, बाकीची खोक्यांत भरून इमारतीच्या दाराशी ठेवली आणि वर 'हवी ती न्यावीत' अशी चिठ्ठी लावली. शेवटचं खोकं घेऊन खाली आलो तोवर कोणी एक बाई पहिल्या खोक्यापाशी वाकलेली होती. मी मान खाली घालून वर गेलो.

मग कागद घेतला. 'प्रिय सिल्के, पलंग पुढच्या बुधवारी येतोय. रुग्णालयात हो म्हणून सांग. ती रडली तर काय करायचं, हे मला अजून कळलेलं नाही. ते तू येऊन शिकव.'

दुसऱ्या दिवशी सकाळी, पोस्टाची गाडी यायच्या आधी, कोपऱ्यावरच्या पिवळ्या पेटीत मी ते टाकलं.