ओरडणाऱ्याचं आधी

"गाडीतून उतरल्यावर तुम्ही पहिलं वाक्य काय बोललात?" समोरच्या वकिलांनी विचारलं.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून नानांनी आपल्या वकीलबाईंकडे पाहिलं. त्या कागदांत बघत होत्या.

"नीटसं आठवत नाही."

"आम्ही आठवण करून देतो."

कुणा वाटसरूने मोबाइलवर घेतलेलं ते चित्रण पुन्हा एकदा लावलं गेलं. वळणावरचा रस्ता, तिरकी थांबलेली जीप, नानांची चेपलेली छोटी गाडी, आणि मागे अडकलेल्या सुट्टीच्या गर्दीचे हॉर्न. जीपवाला कपाळ धरून ओरडत होता. नाना त्याच्यापुढे जरासे वाकून, समजुतीच्या सुरात सांगत होते, "माफ करा, चूक आमचीच आहे. बघतो मी काय करता येतं ते."

"आमचीच म्हणजे कोणाकोणाची?"

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.

पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार खिडकीत नानांची सगळी नोकरी गेली होती. पाणी आलं नाही, गढूळ आलं, नको तेव्हा आलं, कारण काहीही असो, खिडकीतून हेच वाक्य बाहेर जायचं. कार्यालयात त्यांना माफीनाना म्हणत. नव्याने येणाऱ्यांना ते एकच गोष्ट शिकवत: ओरडणाऱ्याचं आधी ऐकायचं. गप्प उभा असलेला माणूस थांबतो.

"ती माझी बोलायची सवय आहे," ते म्हणाले.

"सवयीने खरं बोलता, की सवयीने खोटं?"

नानांनी पिंजऱ्याच्या कठड्यावरची धूळ बोटाने पुसली.

"बरं. पोलीस यायच्या आधी गाड्या बाजूला कोणी घेतल्या?"

"लोकांनी. म्हणजे, मीही हात लावला. मागे सगळे खोळंबले होते. मुलंबाळं घेऊन निघाली होती माणसं."

"जीप चुकीच्या बाजूने आली म्हणता, आणि ती कुठे होती याची खूण स्वतःच पुसता. कमाल आहे तुमची."

जीप चुकीच्या बाजूनेच आली होती. वळणावर ट्रकला ओलांडून ती थेट समोर उभी ठाकली होती. निघण्यापूर्वी नानांनी टायरची हवा, ब्रेक, वायपर, सगळं तपासलं होतं. प्रथमोपचाराची पेटीसुद्धा घेतली होती. पण अपघात झाल्यावर गाड्या हलवायच्या नसतात, फोटो काढून ठेवायचे असतात आणि तोंड बंद ठेवायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात वकीलबाई म्हणाल्या, "नाना, 'घाबरलो होतो' म्हणायचं ठरलं होतं ना आपलं?"

"घाबरलो नव्हतो हो. तेच तर."

"निकाल पुढच्या महिन्यात. पण मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही."

"अपील?"

"करता येईल. तिथेही हाच व्हिडिओ लागेल."

नानांच्या गाडीचा विमा समोरच्याचं नुकसान भरून देणारा होता; आत बसलेल्या माणसाचं नाही. पत्नीला मणक्याच्या उपचारकेंद्रात लवकर नेलंत तर आधाराने उभ्या राहतील, उशीर झाला तर सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. तिथे नेणं जीपवाल्याकडून मिळायच्या भरपाईवर अवलंबून होतं.

"माफ करा, तुमचाही वेळ गेला," नाना म्हणाले.

वकीलबाईंनी क्षणभर डोळे मिटून घेतले.

घरी आले तेव्हा बायको खिडकीपाशी पलंगावर टेकून बसली होती. शेजारच्या वहिनींनी केस विंचरून दिलेले दिसत होते.

"काय झालं?"

"निकाल पुढच्या महिन्यात."

"म्हणजे गेलं."

नाना चप्पल काढत होते. त्यांनी मान हलवली.

"तो व्हिडिओ लावला?"

"हो."

"मी दिसते त्यात?"

"कोपऱ्यात. काचेआड." चप्पल भिंतीशी सरकवत ते म्हणाले, "माझ्याकडे बघत होतीस."

"हाक मारली होती मी," ती म्हणाली. "एकदाच. मग म्हटलं, येतील. तो माणूस जास्त ओरडत होता."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर नानांना काहीतरी बोलता आलं असतं. अपघाताच्या जागी झालेल्या उशिराने काही बिघडलं नाही, जे व्हायचं ते धडकेतच झालं, असं डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. ते त्यांनी पुन्हापुन्हा विचारून घेतलं होतं. पण ती हाक त्यांना आज पहिल्यांदा कळली.

ते पलंगाच्या कडेला येऊन बसले. सवयीचं वाक्य ओठांपर्यंत आलं. अगदी जसंच्या तसं, खिडकीतल्यासारखं. त्यांनी ते गिळलं.

तेवढ्यात दार वाजलं. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ होते.

"नाना, आहात का? अहो, सकाळपासून नळाला थेंब नाही. काय चाललंय काय तुमच्या ऑफिसात?"

नाना हलले नाहीत.

"नाना! आत आहात माहितेय मला. निदान उत्तर तरी द्या!"

"जा, बघा," बायको म्हणाली. "ओरडतोय तो."

नाना बसून राहिले. त्यांनी तिच्या पावलावर हात ठेवला. ते तिला कळत नाही हे थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा तो हात उचलून त्यांनी तिच्या हातावर ठेवला. दार वाजतच होतं.