चंद्रोदय नऊ दहा

अठ्ठ्याण्णव साली तेलाचे भाव पडले आणि सुरेशच्या आखातातल्या कंपनीने पाच इंजिनिअरांपैकी चौघांचं फॅमिली स्टेटस काढायचं ठरवलं. पाचांतल्या एकाचंच राहणार होतं. ते नाव शनिवारी निंबाळकरसाहेब देणार होते. बाकी चौघांनी बायकामुलं देशात पाठवायची आणि स्वतः बॅचलर म्हणून खोलीत राहायचं.

म्हणून त्याच्या बायकोने, नयनाने, गुरुवारी साहेबांना जोडीने जेवायला बोलावलं. जेवणं झाली की सुरेशने विषय काढायचा, असं ठरलं. सुरेशला दहा वर्षांत कुणाकडे काही मागता आलं नव्हतं, पण आपण वाढलेल्या ताटाच्या जोरावर तो बोलेल, असा तिचा हिशेब.

साहेब ऑफिसात म्हणाले होते, सुरमई खाऊन वर्ष झालं. कालवण सकाळीच तयार होतं. चार वाजता साहेबांच्या बायकोचा, शोभावहिनींचा, फोन आला.

"नयना, अगं आज संकष्टी! कॅलेंडर आत्ता बघितलं. दोघांचाही उपवास. चंद्रोदयाला सोडतो आम्ही. तू घाट घालू नकोस हं. साधं वरण-भात, भाजी, आणि मोदक झाले तर झाले. नाहीतर राहू दे."

'नाहीतर राहू दे'चा अर्थ नयनाला कळत होता. तिने सुरेशला नारळ आणि तांदळाची पिठी आणायला मुशैरिबच्या बाजारात पिटाळलं आणि कालवणाचं पातेलं वरच्या मजल्यावर वसईच्या जसिंताकडे नेऊन दिलं.

"सुरमई मला आणि साहेबाला वरण?" जसिंताने झाकण उघडून वास घेतला. "रोज असेच साहेब बोलव गं."

साडेपाचला पुन्हा फोन. "एक सांगायचं राहिलंच. कांदा-लसूण नको. आणि ह्यांना शुगर आहे, तेव्हा ह्यांचे मोदक बिनगुळाचे कर."

"बिनगुळाचं सारण कसं करायचं, वहिनी?"

"तू सुगरण, तुला मी सांगू?"

नयनाने कांद्याची भाजी बाजूला सारून बटाटे उकडायला टाकले. साहेबांसाठी खोबरं, वेलची आणि पिस्ते एकत्र केले. चव घेतली. चव नव्हती. भिंतीवर नाशिकहून आलेलं कॅलेंडर होतं. चंद्रोदय नऊ दहा. म्हणजे मोदक नऊला उकडायला ठेवले की गरम वाढता येतील.

साडेसातला पाहुणे आले तेव्हा कळ्या पाडलेले एकवीस मोदक ओल्या फडक्याखाली कच्चेच होते.

"घाई करू नकोस हं," वहिनी दारातच म्हणाल्या. "आम्ही सोडून आलो."

"काय सोडून?"

"उपवास गं! नाशकात नऊ दहा, म्हणजे इथले सहा चाळीस. आम्ही चंद्र घरचाच धरतो. मच्छिंद्रकडे आरती होती, तिथेच त्यांनी पानं वाढली. काय तो आग्रह!"

मच्छिंद्रचं नाव त्या पाचांत होतं. नयनाने सुरेशकडे पाहिलं. सुरेश साहेबांसाठी पंखा वाढवत होता.

"दोन घास तरी, साहेब," ती म्हणाली.

"खलास!" साहेबांनी पोटावरून हात फिरवला. "आता पाणीसुद्धा जाणार नाही."

मग साहेबच म्हणाले, "सुरेश, तुला दुसरीकडून कळण्यापेक्षा मी सांगतो. मच्छिंद्रने आज विषय काढला. त्याची बायको रडायलाच लागली. मी शब्द देऊन बसलो. आता तुम्ही सगळे चिडणार माझ्यावर."

"छे छे साहेब, चिडायचं काय त्यात," सुरेश म्हणाला आणि उलट त्यांचीच समजूत काढू लागला. तुमच्यावर किती प्रेशर असतं, आम्हाला काय दिसत नाही का, वगैरे.

नयना पिठाच्या हातांनीच पुढे झाली. "साहेब, आमची नुपूर सातवीत आहे. शाळेचं वर्ष पुरं होईपर्यंत तरी आम्हाला राहू द्या."

"व्हिसा कधीपर्यंत आहे?"

"फेब्रुवारी."

"मग फेब्रुवारीपर्यंत कोण हलवतंय तुम्हाला?"

"परीक्षा मार्चमध्ये असते."

साहेबांनी सुरेशकडे पाहिलं. सुरेशने गालिच्याकडे.

"नाशकात काय शाळा नाहीत?" वहिनी समजुतीने म्हणाल्या. "आणि तिथे आजी-आजोबा आहेत तिचे."

आतल्या खोलीत टीव्हीचा आवाज बंद झाला होता. नुपूर घरात इंग्रजीतच बोलायची, पण मराठी तिला सगळं कळायचं.