वर लोखंड, खाली मी

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेणार. भरत. राजुरीत फाट्याच्या रस्त्याला ज्याचं वेल्डिंगचं दुकान हाय, तो भरत. दोन हजार साली ज्याचा फोटो पेपरात आला, तो. 'दहावी नापास कारागिराची कमाल' असं वर मोठ्या अक्षरात छापलं व्हतं. आमच्या आत्याबाईंनी, म्हंजी प्रयागबाई सासूनं, तो पेपर देव्हाऱ्यात ठेवला आन् त्याला हळदकुंकू वाहिलं. मला वाटत व्हतं, काढावा आन् चुलीत घालावा.

कमाल खोटी नव्हती, उगं कशाला खोटं बोलू. माणूस डोक्यानं लई तेज. आळेफाट्याला बायकांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना हाय. तिथल्या तपासणीच्या खोलीत नुसता पसारा. सलाईनचा स्टँड, दिव्याचा स्टँड, सोनोग्राफीची मशीन, आन् जमिनीवर सगळीकडं वायरी. एकदा नर्स वायरीत पाय अडकून पडली आन् तापलेला दिवा पेशंटच्या मांडीवर आला. भरत तेव्हा तिथं खिडकीला जाळी बसवत व्हता. त्याच्या दुकानात वेल्डिंगची वायर वर पाइपाला टांगलेली असती, पायात येत नाय. तेच त्यानं तिथं केलं. स्लॅबला लोखंडी चॅनेल, म्हंजी खाचेची लांब पट्टी ठोकली, त्यात जुन्या मोटारीच्या बेअरिंगा सोडल्या, त्याला पाइपाचा हात जोडला आन् हाताला लुनाची स्प्रिंग लावली. दिवा, सलाईन, मशीनचा पडदा, सगळं वरून लोंबतं. बोटानं ओढलं की येतं, सोडलं की तिथंच राहतं. नर्स बिचारी आता बिनधास्त फिरती.

आन् त्या लोखंडाखालच्या टेबलावर कोण निजत व्हतं? मी, द्वारका. त्याची बायको.

लग्नाला सात वर्ष झाली, मूल नाय. पाच वर्ष मी त्या टेबलावर चढत-उतरत व्हते. नळ्यांचा फोटो काढला. औषध आत सोडतात, तेव्हा ओरडू नये म्हणून मी पदर तोंडात कोंबला व्हता. दोनदा पिशवी धुतली. बेंबीतून दुर्बीण घातली. महिन्याच्या महिन्याला सुया, गोळ्या, सोनोग्राफी. दर खेपेला डॉक्टरीणबाई एकच सांगायच्या, "तुमच्यात काही सापडत नाही. तुमच्या मिस्टरांना पाठवा. त्यांची तपासणी सगळ्यात सोपी. एक बाटली, पंधरा मिनिटं."

मी घरी येऊन सांगायची. भरत म्हणायचा, "मी काय बाई हाय का तपासायला?"

आत्याबाई भाकरी थापता थापता म्हणायच्या, "आमच्या घरात बाप्याला असलं कधी झालं नाय. धाकट्याला बघ की. सूरजच्या लग्नाला चार वर्ष आन् अंगणात दोन पोरं."

एक दिवस तर ऐका. मी टेबलावर, पाय वर बांधलेले, अंगावर हिरवं फडकं. बाईंनी मशीनचा पडदा ओढला तर तो हळूहळू खाली सरकायला लागला. स्प्रिंग ढिली झाली व्हती. बाई म्हणाल्या, "नवराच आहे ना तुमचा? बाहेर बसलाय. येऊ दे." तो आला. शिडी लावली, पाना काढला, वर बघून नट आवळला. पडदा दोनदा खालीवर करून बघितला. "आता हलायचा नाय बाई," म्हणाला आन् शिडी उचलून गेला. मी खाली हाय हे त्यानं बघितलंसुद्धा नाय. लाजला असंल, असं तुमी म्हणाल. कसला लाजतोय! त्याला फक्त त्याचं लोखंड दिसत व्हतं.

त्या दिवशी डॉक्टरीणबाईच चिडल्या. त्याला बाहेर थांबवून म्हणाल्या, "भरतभाऊ, तुमचा रिपोर्ट आल्याशिवाय मी ह्यांना हात लावणार नाही. पुढच्या मंगळवारी सकाळी बाटली द्या." दवाखान्यात त्याला लई मान, त्यामुळं नाय म्हणता आलं नाय. पुढच्या आठवड्यात त्यानं कागद आणून आत्याबाईंच्या हातात दिला. सगळं चांगलं. भरपूर. नाव भरतचं, खाली सही-शिक्का.

मग काय, घराला पंखच फुटले. मामंजी कधी माझ्याशी बोलायचे नाय, ते म्हणाले, "आता कळलं ना, खोट कुठं हाय ते?" महिन्याभरात आण्याच्या पठारावरच्या चिमाजीच्या पोरीची गोष्ट निघाली. दुष्काळी गाव, चार पोरी, बाप टेकीला आलेला. जुन्नरवरून स्टॅम्प लिहून आणला. 'मला मूल होत नसल्यामुळे मी राजीखुशीने माझ्या पतीस दुसरे लग्न करण्यास परवानगी देत आहे.' खाली माझ्या सहीची जागा मोकळी. आत्याबाई म्हणाल्या, "सही केलीस तर ह्या घरात दोन घास खाशील. नाय केलीस तर घोडेगावची यष्टी धर, भावाच्या दारात जाऊन बस." माझा भाऊ सोता दुसऱ्याच्या शेतात जातो. त्याच्या दारात मी कुठं बसणार?

मी सही करायला निघाले व्हते. हे सांगताना माझीच मला चीड येती, पण निघाले व्हते. कागद म्हणत व्हता भरत चांगला हाय. मग राहिलं कोण?

पावणं रविवारी आलं. चिमाजी, त्याची म्हातारी आई, आन् एक मामा. मीच चहा ठेवला, मीच बशा दिल्या. ओट्यावर स्टॅम्प आन् पेन मांडून ठेवलेला. म्हातारीनं चहाचा घोट घेतला आन् आत्याबाईंना सरळ विचारलं, "बाई, राग मानू नका. नवऱ्या मुलाची तपासणी झालीय का? आमच्या पोरीच्या कपाळी पुन्हा तेच नको."

"झाली की!" आत्याबाई लगेच पुढं सरकल्या. "कागद हाय. त्या मंगळवारी ह्याला पुण्याला लोखंड आणायला जायचं व्हतं, तर मीच सूरजला म्हटलं, तू जाऊन देऊन ये. आमच्यात असंच चालतं. डेअरीत ह्याच्या नावचं दूध तो घालतो, सोसायटीतून ह्याच्या नावची पेंड तो आणतो. एका आईच्या पोटची दोघं, एकच रक्त. ह्याचं काय आन् त्याचं काय!"

चिमाजीच्या म्हातारीनं बशी खाली ठेवली. आत्याबाई सगळ्यांच्या तोंडाकडं बघत राहिल्या, आपण काय चुकीचं बोललो ते त्यांना कळंना. त्यांच्या मनात पाप नव्हतं, तेवढं मी कबूल करते. सूरज उठला आन् गोठ्यात गेला. आन् भरत चपलेच्या अंगठ्याकडं बघत बसला. तेव्हा मला कळलं, ह्याला माहीत व्हतं. पहिल्या दिवसापासनं माहीत व्हतं.

माझ्या हातातली किटली मी खाली आपटली. चहा सांडला, सांडू दे.

"अहो," मी म्हटलं, "पाच वर्ष मला उघडी करून त्या टेबलावर निजवलीत. मला फाडली, धुतली, आत नळ्या घातल्या. आन् तुमाला एक बाटली देता आली नाय? दुसऱ्याच्या बाटलीवर माझी सही मागताय?"

"पावण्यांसमोर तमाशा नको," भरत म्हणाला.

"तमाशा तुमी मांडलाय. आता मी बघणार. येत्या मंगळवारी तुमी सोता जाणार, मी मागं गाडीवर बसणार. नाय गेलात तर दवाखान्याच्या दारात बसून येईल त्या बाईला सांगीन की तो कागद कुणाचा हाय."

चिमाजी काहीतरी बोलणार व्हता, त्याला घाई व्हती बिचाऱ्याला. म्हातारीनं त्याचा दंड धरला. "ऊठ रे चिमा. ह्याचा सोताचा कागद येऊ दे, मग बघू." जाता जाता तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. स्टॅम्प चहात भिजून गेला व्हता.

मंगळवारी भरत गेला. सूरज नाय, सोता. दोन मंगळवार गेला, कारण बाईंनी पुन्हा बघायचं म्हणून दुसऱ्यांदा बोलावलं. मग दोघांना समोर बसवून म्हणाल्या, "भरतभाऊ, शुक्रजंतू एकही नाही. दोनदा बघितलं. पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडे चिठ्ठी देते, पुढं काय करता येईल ते सांगतील." भरत हात मांडीवर ठेवून बसला, पाना धरून धरून काळे झालेले हात. मला घडीभर त्याची कीव आली, खरं सांगते. चिठ्ठी मीच घेतली.

गाडीवर चढताना तो म्हणाला, "गावात बोलू नको."

मी म्हटलं, "आधी घरात तर बोलू."

घरात कागद ठेवला. मामंजी उठून शेताकडं गेले. आत्याबाईंनी कागद उलटसुलट करून बघितला. मला वाटलं, आता माझ्याकडं बघतील, एखादा शब्द बोलतील. मी वाट बघितली, खोटं नाय सांगत. मग त्या म्हणाल्या, "चिमाजीला निरोप धाडते, जमत नाय म्हणून. पुढंमागं सूरजचा धाकटा तुझ्या ओटीत घालू. पण द्वारके, गावात हे असंच राहू दे. तुझ्यातच खोट हाय, असं. त्याचं दुकान हाय, पेपरात नाव आलंय, चार लोकांत उठबस हाय. तुझं काय, तुला ऐकायची सवय झालीय."

सवय! मी भरतकडं बघितलं. म्हटलं हा तरी बोलंल, आये असं बोलू नको म्हणंल. तो उठला आन् दुकानाची चावी घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीत दूध मीच घेऊन गेले. वीस-पंचवीस बायका रांगेत. सावळारामाची आई माझ्यापुढं उभी. कॅनवर हात ठेवून मोठ्यानं म्हणाली, "काय गं द्वारके, आण्याच्या पठारावरची सवत कधी येती?" दोघीतिघी पदराआड हसल्या.

"येत नाय," मी म्हटलं. आवाज असा काढला की मापं घेणारा कुशाबापण थांबला. "माझ्यात खोट नाय. आमच्या मालकांत हाय. त्यांची तपासणी झाली, दोनदा झाली, कागद घरात हाय. ज्यांना बघायचा त्यांनी येऊन बघा. आन् मला आजपासनं कुणी वांझ म्हटलं, तर तिथंच तिचं तोंड धरीन."

सावळारामाच्या आईचा हात कॅनवरून खाली आला. तिच्या घरात दोन सुना झाल्या. पहिलीला मूल नाय म्हणून सहा वर्षांपूर्वी माहेरी धाडली. दुसरी आणून चार वर्ष झाली, तिचंबी काय नाय, आन् हल्ली तिलाबी टोमणे सुरू झालेले. म्हातारी माझ्याजवळ सरकली आन् बारीक आवाजात म्हणाली, "द्वारके, बाप्याची ती तपासणी कुठल्या वारी असती गं?"

"मंगळवारी," मी म्हटलं. "पण मावशी, सावळारामाला नेण्याआधी पहिलीच्या माहेरी जा. तिला सांगा, की आमी तुला धाडली तेव्हा आमच्या पोराला तपासलंच नव्हतं."