वीतभर डावीकडे

अकरा दिवस झाले, भोपळा काही घरात शिरेना. भोपळा म्हणजे पाण्याखाली आपलं आपण फिरणारं पिवळं यंत्र. हे नाव कामगारांनी पाडलेलं. बंदराच्या तळाशी त्याचं घर होतं. घराला नरसाळ्यासारखं तोंड आणि तोंडाभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं. वेटोळ्यात वीज सोडली की चुंबकीय क्षेत्र पसरे आणि त्याचा माग काढत भोपळ्याने गढूळ पाण्यातूनही आत यावं, एवढंच काम. तो यायचा आणि दरवेळी वीतभर डावीकडे धडकायचा.

इंजिनीयरबाईंनी गणितं उलटीपालटी करून पाहिली. डोळे चुरचुरायला लागले, पण चूक सापडेना. बाराव्या दिवशी दुपारी त्यांनी क्षेत्र मोजायचं यंत्र दोराला बांधून खाली सोडलं. डाव्या बाजूला काटा वेड्यासारखा उडाला.

म्हातारा पाणबुड्या धक्क्यावर मुखवटा धूत बसला होता.

"काका, खाली लोखंड आहे का काही?"

"साखळी आहे ना, ताई. दोर सुटायचा, म्हणून घर डावीकडून साखळीने आवळलंय."

"लोखंडाने क्षेत्र वाकडं होतं हो! मला विचारायचं तरी!"

"विचारलं होतं की. तुम्ही म्हणालात, काहीही करा, पण ते हलता कामा नये."

बाईंना आठवलं. तेव्हा त्यांनी संगणकावरून मानसुद्धा वर केली नव्हती.

"म्हणजे अकरा दिवस माझ्यापायी वाया गेले?" म्हाताऱ्याचा चेहरा उतरला.

"तुमच्यापायी नाही. तुमचा कान ठणकतोय ना? उद्या काढू साखळी."

"उद्या कशाला? एकदाची पीडा जाऊ दे," म्हणत तो नायलॉनचा दोर खांद्यावर टाकून पाण्यात उतरला.

साखळी काढून, दोर आवळून तासाभराने तो वर आला. भोपळ्याला सोडलं. पडद्यावरचा ठिपका सरकत सरकत सरळ नरसाळ्यात गेला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तेवढी ताकद उरली होती कुणात? म्हातारा मान वाकडी करून कानातलं पाणी झटकत राहिला.

साहेबांचा फोन आला. "शेवटी चूक कुणाची निघाली?"

"माझी," बाई म्हणाल्या.

"उद्या सविस्तर लिहून द्या."

"परवा देते," म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि तिथेच टेबलावर डोकं टेकलं.