सहाव्या जिनवरची गजराबाई

नंदुरबारच्या त्या जिनिंगमध्ये कापसातली सरकी काढणारे बारा जिन एका रांगेत, आणि इंजिन पार बाराव्याच्या पुढे, भिंतीपलीकडे. गोंगाट असा, की शेजारच्या बाईपलीकडे आवाज पोचायचा नाही. म्हणून बायांची एक रीत होती. कापसात खिळा दिसो, दगड दिसो, जळका वास येवो. आपल्याला निस्तरता येत नसेल तर उगाच हात घालायचा नाही. "पट्टा!" म्हणून ओरडायचं. शेजारणीनं ऐकलं की तिनं पुढे ओरडायचं, असं करत करत भिंतीपलीकडे दोधू इंजिनवाल्यानं पट्टा उतरवायचा, की सगळे जिन बंद. मधे कुणी आवाज गिळायचा नाही.

अठ्ठावन्नच्या हंगामात सुपडू मुकादम आला आणि त्याला ही रीत खुपली. पट्टा उतरला की अर्धा तास गेला ना! त्यानं सहाव्या जिनवर गजराबाईला उभं केलं. काम त्यानंच लावून दिलेलं, त्यामुळे बाई मिंधी.

"आवाज उना तं तुन्हापाशीच मरू दे," तो म्हणाला.

आणि तिनं मरू दिला, एकदाच. त्या दिवशी जिन चालूच राहिले आणि पहिल्या जिनवरच्या फुलीबाईची दोन बोटं गेली. आता फुलीबाई हाताला फडकं बांधून फाटकाशी सरकी निवडत बसायची. गजराबाईला ती एका शब्दानं बोलली नाही, तेच मेलं जास्त जाळायचं.

सोमवारी पाचव्या जिनवरून जमनाबाई ओरडली, "पट्टा!"

मुकादम गजराबाईच्या शेजारीच उभा. त्यानं डोळे वटारले. गजराबाईनं पदर खोचला आणि छाती फुटेस्तोवर बोंब ठोकली, "पट्टाऽऽ!"

जिन थांबले. मुकादम तरातरा, आवाज जिथून निघाला त्या पहिल्या टोकाला गेला आणि गोणपाटाचा एक तुकडा नाचवत परत आला.

"हाई दख! एक चिंधीसाठे कारखाना बंद पाडा तू! काय शे, काय नही, ते तरी दखी लेती!"

"माले आठून दखास नही," गजराबाई म्हणाली. "म्हनीसन तं गिळाना हक्क बी मन्हा नही. दोन बोटं गिळी बठनी मी. आते बस."

"चालती हो! उद्या दुसरी उभी करसू आठे."

गजराबाईनं अंगावरची रुई झटकली.

"कर ना. जिले उभी करशी, तिलेबी तोंड शे."