दारासमोरची जागा

सीझन सुरू झाला की आमच्या समुद्राकडच्या रस्त्यावर पार्किंगला पैसे पडतात. रहिवाशांना घरटी एक पास मिळतो. तो काचेला आतून चिकटवला की आपल्या दारासमोर गाडी फुकट. पासवर गाडीचा नंबर नसतो, आणि माझं दुखणं तिथेच आहे.

वर्षभर दारासमोर गाडी असते ती माझी. बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणारी, दिवसभर औषधांच्या दुकानात उभं राहून येताना भाजी आणणारी मीच. पण उन्हाळ्यात बाबा नखाने तो पास अलगद सोडवतात आणि तो धाकटीच्या गाडीला जातो. धाकटी म्हणजे माझी बहीण, आमचं शेंडेफळ. ती नवऱ्यामुलांना घेऊन येते, पाण्यात डुंबते, बाबांना एक शर्ट आणते आणि सगळी गल्ली कौतुकाने वेडी होते. मी तेवढे दिवस मासळी बाजारामागच्या मैदानात गाडी लावून पायपीट करते. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते उगाच नाही.

त्यात बाबांचं ते जागा धरणं. ती यायच्या दिवशी ते सकाळपासून रस्त्यावर खुर्ची टाकून बसतात. वस्तू ठेवून जागा अडवू नये असं पाटीवर लिहिलंय, माणसाबद्दल काही लिहिलेलं नाही, असं ते पावतीवाल्याला ऐकवतात. त्या बिचाऱ्याने त्यांच्यापुढे केव्हाच हात टेकलेत. डोक्यावर रुमाल टाकून उन्हात बसलेला म्हातारा बघून येणारेजाणारे हसतात. मला हसू येत नाही. माझ्यासाठी हा माणूस कधी साधा दारात येऊन उभा राहिलेला नाही.

यंदा मी पास दिला नाही. धाकटीला फोनवर म्हटलं, यायचं तर ये, गाडी मैदानात लाव, चार पावलं चालून कोणी झिजत नाही. ती म्हणाली, एवढं सामान, त्यात मुलं, त्यापेक्षा आम्ही डोंगरातच जातो. मी वाईट वाटल्यासारखा आवाज काढला, पण मनात उकळ्या फुटत होत्या. बाबांना तूच कळव, असंही सांगितलं. ते वाईटपण मी कशाला घेऊ?

ती येणार होती त्या दिवशी मी दुकानातून खुशीत निघाले. पास माझ्या काचेवर आणि जागा माझी. वळणावरून बघते तर बाबा खुर्ची टाकून बसलेले. मी गाडी जवळ नेली तसा त्यांनी हात हलवला.

"पुढे घ्या, पुढे घ्या. जागा ठेवलेली आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काच खाली करून म्हटलं, "बाबा, मी आहे."

"तू होय." हात खाली आला, पण ते उठले नाहीत. "तू मैदानात लाव ना. तुला सवय आहे."

म्हणजे धाकटीने कळवलंच नव्हतं तर. आता सांगायचं माझ्यावर आलं, आणि खरं सांगते, मला ते गोड वाटलं.

"ती यायची नाही, बाबा."

"माहीत आहे. सकाळीच फोन आला तिचा."

"मग बसलात कशाला?"

त्यांनी रुमालाने मान पुसली. "मन बदललं तिचं तर? आली आणि जागा नसली, तर परत जाईल ना ती."

मागून कोणीतरी हॉर्न वाजवला. मी काच वर केली. इतकी वर्षं मी रोज ठरल्या वेळी घरी येतेय. न येण्याची चूक मी कधी केलीच नाही, म्हणून माझी वाट बघायची वेळ कोणावर आली नाही. धाकटी एकदा आली नाही, तेवढ्यानेच तिचा भाव आणखी वाढला, आणि तो वाढवला मीच.

मी गाडी पुढे घेतली आणि मैदानाकडे वळवली. आरशात बाबा दिसत होते. ते माझ्या गाडीकडे बघत नव्हते, गावात येणाऱ्या रस्त्याकडे बघत होते.